देएच्या धक्क्यावर

देए, ग्वादलूप बेट
१२ जानेवारी २०२५

सुलू,

पोचलो. फोनवर ‘पोचलो, जेवलो, बरा आहे’ एवढंच बोललो म्हणून तू धुसफुसत असशील. पण दीप्तीचं घर म्हणजे एकच खोली, आणि पोरगी समोर बसलेली. आपल्या दोघांतलं तिच्यादेखत काय बोलणार? म्हणून कागदावर लिहून त्याचा फोटो तुला पाठवतोय. तूही तसंच कर. इतक्या वर्षांच्या संसारात आपण एकमेकांना एक पत्र लिहिलं नाही, आणि आता लिहायची वेळ आली ती मी जगाच्या दुसऱ्या टोकाला आल्यावर.

पॅरिसला विमानतळ बदलायचा होता. आपल्या देवेशने मोबाइलमध्ये सगळं भरून दिलं होतं म्हणून निभावलं. पुढचं विमान इथे सुट्टीला येणाऱ्या गोऱ्या लोकांनी भरलेलं, सगळे हाफ पँटवर. लोकरीचा स्वेटर घातलेला मी एकटा. तूच घालायला लावलास. उतरलो तेव्हा घामाने भिजलो होतो. वाटेत दोन्ही बाजूंना ऊस, मग डोंगर, मग एका वळणावर खाली अचानक हे बंदर.

गावाचं नाव लिहितात लांबलचक, म्हणतात नुसतं ‘देए’. कारभार फ्रेंच सरकारचा, माणसं बहुतेक काळी, बोलतात आपली वेगळीच बोली. एक रस्ता, त्याला लागून समुद्र. रंगीत लाकडी घरं, एक चर्च, तिन्ही बाजूंनी हिरवे डोंगर आणि मधल्या पाण्यात शिडाच्या होड्या. धक्क्याच्या खांबांवर पेलिकन बसलेले असतात, निवृत्त माणसांसारखे, कुणाची वाट न बघता. खरं सांगू? छान आहे गाव. पण मी गाव बघायला आलेलो नाही.

तिने केस एवढेसे कापलेत. रंग रापलाय. नखांत होडीला लावायचा चिकट डिंक बसलाय, तो धुऊन जात नाही म्हणते. तिची शेड धक्क्याच्या टोकाला आहे. आत पाऊल टाकलं आणि मला परत फिरावंसं वाटलं. रंग, डिझेल आणि मासळी. दुपारी तिने तिथेच डबा उघडला. भूक नाही म्हणालो.

पवईच्या नोकरीचं आज काढलं नाही. प्रवासाचा शीण होता. उद्या बोलतो.

पायावर भार देऊ नकोस.

चंद्रप्रकाश


दहिसर
१५ जानेवारी २०२५

अहो,

तुमचं अक्षर अजून तसंच आहे, गोदामातल्या खोक्यावर लिहिल्यासारखं. पण वाचलं. कुंदालाही वाचून दाखवलं, पेलिकनचं तेवढं. ती शेजारीण म्हणून मिळाली नसती तर या मोडक्या घोट्याने माझी वाट लागली असती. सकाळी चहा तीच करते, आणि प्लास्टरवर तिच्या नातवाने स्केचपेनने वाघ काढलाय.

आता ऐका. तुम्ही पेलिकन मोजायला गेलेले नाहीत. मी येणार होते, पाय मोडला म्हणून तुम्ही गेलात. मी असते तर पहिल्याच संध्याकाळी विषय काढला असता. देवेशचा काल फोन होता. पवईची ती कंपनी महिनाअखेरपर्यंतच थांबणार. त्याने तिथल्या साहेबांकडे शब्द टाकलाय, बहिणीसाठी बिचारा मुलुंडहून तीनदा जाऊन आला. पगार चांगला, ऑफिस तळ्यासमोर. बसायला तळं आहे म्हणावं, तुला पाणीच हवं असेल तर.

पवईला शिकली, तिथून फ्रान्सला होड्यांची रचना शिकायला गेली, तेव्हा वाटलं मोठमोठ्या जहाजांचं काम करेल. सहा महिन्यांच्या ट्रेनिंगला म्हणून या बेटावर उतरली आणि तीन वर्षं झाली, कोळ्यांच्या होड्या दुरुस्त करत बसलीय. चौतीस वर्षांची झाली. एकच खोली म्हणालात ती कशी आहे? कडी नीट लागते का? जेवते काय? सोबतीला कोण आहे? कुणी मुलगा असेल तर तसं सांगा, मी काही लगेच चक्कर येऊन पडणार नाही. पण मला कळू दे.

आणि तिच्या डब्यातलं जेवा. मुलीने डबा पुढे केला आणि भूक नाही कसली म्हणता?

सुलक्षणा


देए
२० जानेवारी २०२५

सुलू,

बोललो. काय झालं ते जसंच्या तसं लिहितो.

काल रविवार, शेड बंद होती. समुद्राकाठी बाकावर बसलो होतो. मी कंपनीचं, पगाराचं, तुझ्या पायाचं, सगळं एका दमात सांगितलं. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, “बाबा, पगाराचं सोडा. तुम्हाला नक्की लाज कशाची वाटते?”

मी म्हटलं, “लाज कसली? तुझ्या भल्याचं बोलतोय.”

“मग तीन वर्षांत नातेवाइकांना मी काय करते ते का नाही सांगितलंत? आई म्हणते, तुम्ही सगळ्यांना सांगता दीप्ती फ्रान्समध्ये असते.”

मी चपलेतली वाळू झटकत बसलो. ती उठून दोन खोबऱ्याची आइस्क्रीमं घेऊन आली. आम्ही ती खाल्ली आणि घरी आलो.

सुलू, तू कणकवलीची, शेतीवाल्यांची. तुला मी हे कधी नीट सांगितलं नाही. आमचे सगळे सर्जेकोटच्या बंदरावरचे. धोंडिरामकाका होडी घेऊन गेले ते आलेच नाहीत. त्यानंतर वडिलांनी जाळं विकलं आणि मुंबईला येऊन गिरणीत लागले. मला म्हणायचे, “होडयेत पाय घालशीत तर माझो झील न्हंय.” मुलगा मानणार नाही, इतकं टोकाचं. परळच्या शाळेत मुलं मला बघून नाकाला रुमाल लावायची. आमच्या घरात तेव्हा मासळी आठवड्यातून एकदा यायची, तरी लावायची. मी अंधेरीच्या कारखान्यात चिकटलो, दीप्ती पवईला गेली, तेव्हा मला वाटलं सुटलो. आणि आता तीच त्या वासात सकाळ-संध्याकाळ बसते. याला लाज म्हणतात का, मला ठाऊक नाही.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं. कडी भक्कम आहे. मुलगा वगैरे कुणी नाही, निदान मला दिसला नाही. शेड आणि खोली दोन्ही जोसियान नावाच्या बाईंची, आपल्या वयाच्या आहेत. त्यांचे यजमान होड्या बांधायचे, ते गेल्यावर शेड बंद पडली होती, ती दीप्तीने उघडली. या बाई कोलोंबो नावाचं कालवण करतात. वासावरूनच ओळखलं. हळद, जिरं, मेथी, मोहरी! पूर्वी मद्रासकडून ऊसतोडीला आणलेल्या लोकांनी हा मसाला इथे आणला म्हणे. दोन वेळा मागून घेतलं.

आणि सकाळी मी धक्क्यावर जातो. होड्या येतात तेव्हा मासळी बघायला. तांबोशी अगदी आपल्यासारखी, बाकीची अनोळखी. मार्सेल म्हणून एक म्हातारा आहे. तो त्याच्या बोलीत बोलतो, मी मालवणीत. “काय गावला रे आज?” विचारलं की तो टोपली वर करून दाखवतो. अजून काय समजायचं असतं? परवा त्याने होडीतल्या फळीवर हात आपटून बस म्हणून खूण केली. मी मान हलवली.

चंद्रप्रकाश


दहिसर
२३ जानेवारी २०२५

अहो,

ते शाळेचं मला माहीत नव्हतं. पण आपल्या लग्नात तुमच्या आत्याने तळलेल्या सुरमईचा वास तुम्ही खिडकी उघडून घालवला होतात, ते मला आठवतं. मी तेव्हा नवी होते, मला वाटलं माझ्यासाठी उघडली.

तिच्यावर चिडू नका. तिने तोंडावर विचारलं म्हणून तुम्ही फुगून बसला असाल, मी ओळखते. दोघंही सारखे. तुम्ही दोन दिवस न बोलता काढाल, ती तीन काढेल आणि महिना संपेल. लाज वाटते तर वाटते म्हणून टाका, पण नोकरीचं सोडू नका.

मी का मागे लागलेय ते लिहिते. गेले पाच आठवडे मी या पलंगावर आहे. देवेश रविवारी येतो, फळं ठेवतो, मोबाइल बघतो, तासाभराने “आई, निघू ना?” म्हणतो. चांगला आहे तो, त्याच्यावर राग नाही. पण मला न्हाणीघरात न्यायला कुंदाला हाक मारावी लागते, आणि ती येईपर्यंत मी छताकडे बघत विचार करते, की तुम्हाला किंवा मला उद्या याहून मोठं काही झालं तर? मुलगी पवईला असली तर रिक्षा-बस करून तासा-दीड तासात दारात येईल. मला एवढंच हवंय. फार मागतेय का?

आणि त्या मार्सेलच्या होडीत पाय टाकायचा नाही. माझी शपथ आहे.

सुलक्षणा


दहिसर
२९ जानेवारी २०२५

अहो,

सहा दिवस झाले. पत्र नाही. फोन केला तर दीप्ती म्हणते बाबा झोपलेत. काल केला तर बाबा झोपलेत. आज केला तरी तेच. तुम्ही दुपारी डुलकीसुद्धा न काढणारे. तिचा आवाज वेगळा लागतोय. मी तिची आई आहे, मला कळतं.

काय लपवताय दोघं? भांडलात? आजारी आहात? दोन ओळी लिहा, पण खरं लिहा.

सुलक्षणा


देए
३१ जानेवारी २०२५

सुलू,

आधी हे वाच: मी ठणठणीत आहे. ताप येऊन गेला, आता नाही. काल दोन वाट्या पेज प्यायलो.

तुझी शपथ मोडली.

पंचवीस तारखेला सकाळी मार्सेलचा सोबती आला नव्हता. त्याने पुन्हा फळीवर हात आपटला. दीप्ती अजून शेडवर आली नव्हती. मी का बसलो, विचारू नकोस, मलाच सांगता येत नाही. अडुसष्ट वर्षं ‘नाही’ म्हणालो होतो आणि त्या दिवशी ‘नाही’ तोंडातून निघालं नाही, एवढंच. पाय आत टाकला आणि होडी हलली, तेव्हा मी दोन्ही हातांनी कड धरली. मार्सेल हसला.

जाताना सगळं झकास. डोंगराच्या आडोशाने पाणी तळ्यासारखं. त्याने आदल्या दिवशी टाकलेले पिंजरे ओढले, मी टोपली धरली. हसत होतो मी, खरंच सांगतो. परतताना डोंगराचं टोक ओलांडलं, तिथे उत्तरेकडून मोठ्या लाटा येत होत्या, आणि त्यांच्यात मशीन दोनदा खोकलं आणि बंद पडलं. इथे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. आपल्याकडे होडी बंद पडली तर वारा निदान किनाऱ्याकडे तरी लोटतो. इथे उलटं. चर्च लहान लहान होत गेलं. मार्सेलने दोरी ओढून ओढून बघितली, मग फोन लावला. मागच्या बाजूने पाणी आत यायला लागलं. त्याने मला कापलेला प्लास्टिकचा डबा दिला आणि खूण केली. मी पाणी उपसत होतो, मधेच ओकत होतो, पुन्हा उपसत होतो. रामेश्वराचं नाव घेत होतो. धोंडिरामकाकांचा चेहरा मला आठवत नाही, मी फार लहान होतो. पण त्या वेळी वाटलं, त्यांनीही असंच पाणी उपसलं असेल.

मग एक होडी लाटांवर वर-खाली होत येताना दिसली. उभं राहून कुणीतरी चालवत होतं. केसांवरून ओळखलं.

सुलू, मी तिला शाळेच्या स्टेजवर पाहिलंय, पवईच्या पदवीदान समारंभात पाहिलंय. पण अशी कधी पाहिली नव्हती. ती सरळ आमच्या अंगावर आली नाही. लांबून एक फेरी मारली, लाटा बघितल्या, मग वाऱ्याच्या बाजूने हळूहळू सरकत आली. दोर फेकला तो मार्सेलच्या हातात पडला. तो पुढच्या कडीला बांधायला लागला, तर ती ओरडली, कडी नको. त्याखालचं लाकूड कुजलंय, हे तिने कधीतरी पाहून ठेवलं होतं. दोर आतल्या आडव्या फळीभोवती घ्यायला लावला. माझ्याकडे बघून मराठीत फक्त एवढंच म्हणाली, “बाबा, खाली बसा. मधोमध. पाणी काढत राहा.” आवाज चढलेला नाही, घाबरलेला नाही. मी बसलो. तिने सांगितलं म्हणून बसलो आणि भीती निम्मी झाली.

येईपर्यंत दर लाटेला ती मागे वळून बघत होती, वेग कमी करत होती, पुन्हा वाढवत होती. दोराला एकदाही हिसका बसला नाही.

धक्क्यावर बरीच माणसं जमली होती. उतरलो. मग ती कडाडली, हुबेहूब तुझ्या आवाजात: “लाइफ जॅकेट का नाही घातलं? कोणाला विचारून गेलात?” आणि बोलता बोलता तिचे हात माझा भिजलेला सदरा पिळायला लागले. मी ते धरून ठेवले. डिंकाने खरखरीत झालेत.

शेडमध्ये बसून तिच्या डब्यातली मासळी आणि भात खाल्ला. सगळा संपवला. संध्याकाळी ताप भरला. तुला घाबरवायचं नाही म्हणून तिने फोनवर झोपलेत सांगितलं, ते मीच सांगायला लावलं होतं. तिला बोलू नकोस.

देवेशला काल फोन केला. पवईच्या साहेबांना नाही म्हणून कळव म्हटलं. तिला आता मी ‘चल’ म्हणू शकत नाही, सुलू. तुला पटेल असं वाटतं.

चंद्रप्रकाश


दहिसर
३ फेब्रुवारी २०२५

अहो,

नाही पटलं.

तुम्ही जिवंत आहात म्हणून आधी देवापुढे दिवा लावला. मग पत्र पुन्हा वाचलं आणि डोकं फिरलं. शपथ मोडलीत ते एक. बुडता बुडता वाचलात आणि मला सहा दिवसांनी कळवलंत ते दुसरं. पण देवेशला आधी फोन? मला नंतर पत्र? देवेशच्याच तोंडून मला कळलं, की बाबांनी नोकरीचं नाही म्हणून सांगितलं. तो म्हणाला, “आई, तुला माहीत होतं ना?” मी हो म्हटलं. माझ्या मुलासमोर मला खोटं हो म्हणावं लागलं.

तुम्हा बापलेकीचं समुद्रात जुळलं, आनंद आहे. तुमच्या मनात काय काय झालं ते चार पानं भरून लिहिलंत. माझ्या मनात काय होतंय ते विचारायला एक ओळ नाही उरली? तीन वर्षं तिला तिथून आणा म्हणून तुम्हीच घर डोक्यावर घेतलं होतंत. मी मधे पडून म्हणत होते, राहू दे तिला थोडं. आता मला ती हवी आहे, तर तुम्ही पलीकडे जाऊन बसलात.

तिने दोर बरोबर फेकला असेल. मला तिथून कुणी दोर फेकणार आहे का?

पुढचे काही दिवस मला पत्र पाठवू नका. औषधं घेते आहे. प्लास्टर शुक्रवारी काढणार आहेत.

सुलक्षणा


देए
६ फेब्रुवारी २०२५

सुलू,

पाठवू नको म्हणालीस तरी पाठवतोय. वाचू नकोस हवं तर.

तुझं सगळं बरोबर आहे. मी तुला विचारायला हवं होतं. दहिसरला असतो तर विचारलं असतं, असंही नाही. तिथेही विचारलं नसतं. सवय. तू ‘हो’ म्हणणार असं धरून चालतो मी. देवेशला कालच फोन करून सांगितलं, की आईला मी विचारलं नव्हतं, तिने तुझ्यासमोर माझी बाजू सांभाळली.

तुझं पत्र दीप्तीला दाखवलं नाही. पण तू काय म्हणतेस ते सांगितलं. न्हाणीघराचं, छताकडे बघण्याचं, सगळं. ती शेडच्या उंबऱ्यावर बसली होती, हातात रंगाचा ब्रश. तो तिने डब्यावर आडवा ठेवला. मग म्हणाली, “आई मला फोनवर म्हणते पाय मस्त आहे, कुंदाताईंबरोबर पत्ते खेळते.”

सुलू, हे तूही लपवलंसच की तिच्यापासून.

ती म्हणाली, “बाबा, मी कायमची इथेच राहीन असं लिहून नाही देत. पण नोकरीसाठी उचलून नेलंत तर मी तिथे रोज तळ्याकडे बघून कुढत बसेन, आणि आईला कुढणारी मुलगी मिळेल. ती तरी आईला हवी आहे का?” मग विचारलं, गणपतीला महिनाभर आले तर चालेल का? त्या दिवसांत इथे वादळांची भीती असते, बऱ्याच होड्या वर काढून ठेवतात, शेडला काम कमी असतं. दरवर्षी येईन म्हणते. मी म्हटलं, हे आईला तू सांग, मी मधे पडत नाही. माझ्या मधे पडण्याने काय होतं ते झालंय पाहून.

मार्सेलच्या होडीचं पुढचं लाकूड तिने काढून टाकलंय, नवं बसवते आहे. मी घासायचं काम करतो, सकाळी दोन-तीन तास. जोसियानबाईंना मी आपली सोलकढी करून घातली. आंबटपणाला आमसूल नाही म्हणून लिंबू पिळलं. त्यांनी तोंड वाकडं केलं, मग पुन्हा मागितली.

प्लास्टर काढताना कुंदाला बरोबर ने. रिक्षातून उतरताना आधी बरा पाय खाली टाक.

चंद्रप्रकाश


दहिसर
११ फेब्रुवारी २०२५

अहो,

प्लास्टर निघालं. पाय बारीक झालाय, कोंबडीसारखा. घरात काठीशिवाय चालते. कुंदाने जिलबी आणली होती.

शनिवारी दीप्तीचा फोन आला. मी आधी तुटकच बोलत होते. ती म्हणाली, “आई, पत्ते खेळतेस म्हणून खोटं का सांगितलंस?” मग मी तिला बोलले, मग ती मला बोलली, मग दोघीही रडलो. गॅसवर भात करपला, ते कुंदाने येऊन सांगितलं. गणपतीचं तिने सांगितलं. मी म्हटलं बघू. तुम्हाला ठाऊक आहे माझं ‘बघू’ म्हणजे काय.

पण दुसरंच एक लिहायचंय.

तिने मला त्या दिवसाचं धक्क्यावरचं सांगितलं, जे तुम्ही चार पानांत कुठेही लिहिलं नाहीत. तुम्ही लिहिलंत, बरीच माणसं जमली होती, उतरलो. एवढंच. ती म्हणाली, “आई, बाबा नखशिखांत भिजलेले, दात वाजत होते. कुणीतरी टॉवेल दिला तो हातात तसाच. आणि जो समोर येईल त्याची बाही धरून सांगत होते, सॅ मा फीय, सॅ मा फीय.” मासळीवाल्याला सांगितलंत, पोलिसाला सांगितलंत, आइस्क्रीम खात उभ्या असलेल्या पाहुण्यांना सांगितलंत. ‘ही माझी मुलगी.’ एक म्हातारी तुमच्या पाठीवर हात फिरवत म्हणाली, हो बाबा, माहीत आहे आम्हाला, सगळ्या गावाला माहीत आहे. तरी तुम्ही तिला पुन्हा सांगितलंत.

दीप्तीने जोसियानबाईंना विचारलं, बाबांना हे शब्द आले कुठून? त्या म्हणाल्या, आल्याच्या पहिल्या आठवड्यात तुझ्या वडिलांनी माझ्याकडून घोकून घेतले, रोज सकाळी म्हणून दाखवायचे, उच्चार बरोबर आहे का विचारायचे. म्हणजे त्या बाकावर तिने लाज कशाची विचारलं आणि तुम्ही वाळू झटकत बसलात, त्याच दिवसांत. होडीत बसायच्या आधी. मग म्हणत का नव्हतात कुणाला? तोंड उघडायला बुडायची वेळ यावी लागली?

तुम्ही लग्नकार्यात तिची ओळख करून द्यायचात ती आठवते मला. “ही पवईची इंजिनीयर, आमची दीप्ती.” आधी पवई, मग इंजिनीयर, मग ती. पोरगी खाली मान घालून उभी राहायची. तिकडे नुसतं माझी मुलगी म्हणालात. पुढे काही जोडलं नाहीत. हे ऐकल्यावर मी फोन ठेवला आणि बराच वेळ खिडकीशी बसून होते. राग शोधत होते, सापडेना.

देवेशला बोलावून घेतलं. म्हटलं, माझा व्हिसा पुन्हा बघ. मार्चच्या पहिल्या आठवड्याचं तिकीट मिळतंय. तुमचं परतीचं त्याने पुढे ढकललंय, मी सांगितलं म्हणून. तुम्हाला विचारलं नाही. कसं वाटतं ते बघा जरा.

मी तिथे आले म्हणजे सगळं मान्य केलं, असं समजू नका. खोली बघणार, कडी लावून बघणार, शेड बघणार, त्या मार्सेलला चांगली झापणार, मालवणीत नाही, आपल्या मराठीत. आमसूलं आणतेय पाव किलो. होडीत बसायचं की नाही ते मी ठरवेन, तुम्ही आग्रह करायचा नाही.

आणि धक्क्यावर माझीही ओळख करून द्यावी लागेल. ‘माझी बायको’ला फ्रेंचमध्ये काय म्हणतात ते जोसियानबाईंना विचारून आजपासून घोकायला घ्या.

सुलक्षणा